उत्तर मिनेसोटाच्या जंगलात, तळ्याकाठी पहिला मुक्काम: नव्याने जाणाऱ्यांसाठी

मुक्कामाला पाचच जागा. एक खड्ड्याचा संडास, होडी पाण्यात सोडायला उतार आणि समोर तळं. वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि अडलंच तर विचारायला माणूसही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला सुपीरियर राष्ट्रीय वन आहे, त्यात अशी छोटी कॅम्पग्राउंड्स विखुरलेली आहेत. आम्ही ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात एकदा तरी तिकडे जातो. मुलांना घेऊन गेलो, आणि एका वर्षी सासू-सासरे नाशिकहून आले होते तेव्हा त्यांनाही घेऊन गेलो.

पहिल्या खेपेला मात्र आमचे हाल झाले. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालो आणि रात्री साडेनऊला पोचलो, तर पाचही जागांवर तंबू लागलेले. मुलं गाडीत झोपलेली. अंधारात खडीच्या रस्त्याने पुढच्या मोठ्या कॅम्पग्राउंडवर गेलो, तिथे एक जागा शिल्लक होती ती घेतली आणि हेडलॅम्पच्या उजेडात तंबू ठोकला. ठोकला तो नेमका खोलगट जागी. रात्री दोनला पाऊस आला आणि सकाळी चारही स्लीपिंग बॅग्ज पिळून काढाव्या लागल्या. त्या रात्री जे चुकलं ते सगळं आधी कुणीतरी सांगितलं असतं तर टळलं असतं. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

## १. आधी जागा ठरवा, आणि तिच्या जोडीला दुसरी

राष्ट्रीय वनातल्या कॅम्पग्राउंड्सचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक म्हणजे शुल्क घेणारी, थोडी मोठी. तिथे हापसा असतो, टेबल असतं, कधी देखरेखीला कुणी राहतंही. काहींचं आरक्षण आधी करता येतं. दुसरा प्रकार साध्या, छोट्या जागांचा. यांना बहुधा शुल्क नसतं, आरक्षण नसतं, जो आधी येईल त्याची जागा. मी बोलते आहे ती या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

आमची आवडती जागा म्हणजे बेकर लेक. सेंट पॉलहून डुलूथ सुमारे १५० मैल, तिथून लेक सुपीरियरच्या काठाने हायवे ६१ धरून टॉफ्टी गाव आणखी ८० मैलांच्या आसपास. टॉफ्टीला डावीकडे सॉबिल ट्रेल हा रस्ता जंगलात शिरतो. त्यावर साधारण १७ मैल गेलं की उजवीकडे 'द ग्रेड' नावाचा वनरस्ता लागतो. त्यावर पाचेक मैल, मग डावीकडे वळण. तोच ग्रेड पुढे धरला की क्रेसेंट लेक. तिथे तीसेक जागा आहेत. सॉबिल ट्रेलच्या अगदी टोकाला सॉबिल लेक आहे, तिथे पन्नासेक. या दोन्हींना शुल्क आहे.

म्हणजे बेकर भरलेलं निघालं तर कुठे जायचं, हे घरीच ठरलेलं हवं. नकाशावर दोन्ही ठिकाणांवर खूण करा. कविशिवी लेकला जाणार असाल तरी हेच करा, तिथेही पाचच जागा आहेत.

कोणतं कॅम्पग्राउंड उघडं आहे, रस्ता वाहून गेलाय का, पाणी मिळतं का, हे निघण्याच्या दोन दिवस आधी त्या भागातल्या वनखात्याच्या कार्यालयाला फोन करून विचारा. टॉफ्टीत असं कार्यालय आहे. संकेतस्थळावरची माहिती कधीकधी जुनी असते, फोनवरचा माणूस त्याच आठवड्यातलं सांगतो.

## २. महिना आणि वार

तळ्यांवरचा बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला फुटतो. पण मे महिन्यात जाऊ नका, जमीन ओली असते आणि पाणी जीवघेणं गार असतं. मेअखेरीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काळ्या माश्यांचं राज्य, जून-जुलैत डासांचं. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा हा नवख्यांसाठी सगळ्यांत चांगला काळ. डास ओसरलेले, पाणी पोहण्याजोगं, ब्लूबेरीची झुडपं अजून थोडीफार लगडलेली. सप्टेंबरही सुंदर, पण रात्री गारठा चांगलाच वाढतो.

वार महत्त्वाचा. रविवारी दुपारी किंवा सोमवारी पोचा. शनिवार-रविवारवाले तेव्हा परतीच्या वाटेवर असतात, जागा रिकाम्या होतात. रजा फक्त शुक्रवारचीच मिळत असेल तर गुरुवारी रात्री डुलूथला मुक्काम करा आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या आत जागेवर हजर व्हा. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आणि चार जुलैच्या आठवड्यात या छोट्या जागांच्या नादी लागूच नका.

## ३. जवळ ठेवायची कागदपत्रं

- ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीच्या विम्याचा कागद. कागदावर छापलेलाच, कारण रेंज नसल्यावर ॲप उघडत नाही.
- अमेरिकेचे नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) ची छापील प्रत. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बिगरनागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदाच आहे, आणि कॅनडाची सीमा इथून जवळ आहे.
- भारतातून आलेल्या आईवडिलांचा प्रवासविमा, त्यांच्या औषधांची यादी आणि औषधं मूळ डब्यांत.
- मासे धरणार असाल तर १६ वर्षांवरच्या प्रत्येकाचं मासेमारीचं लायसन्स. ते घरूनच ऑनलाइन काढा.
- भाड्याची कनू (लांबट, वल्ह्यांची होडी) असेल तर तिचा करार. स्वतःची असेल आणि दहा फुटांहून लांब असेल तर तिची मिनेसोटात नोंदणी लागते, वल्हवायची असली तरीही.
- शुल्काच्या जागी जायची वेळ आली तर सुटे डॉलर. तिथे लिफाफ्यात पैसे घालून लोखंडी पेटीत टाकायचे असतात, सुटे परत द्यायला कुणी नसतं.

## ४. सामान

दुकानात गेलात की शंभर वस्तू दिसतात, त्यातल्या नव्वद लागत नाहीत. पैसे कुठे घालायचे ते सांगते. तंबूचं वरचं आवरण जमिनीपर्यंत येणारं असावं. स्लीपिंग बॅग शून्य अंश सेल्सिअसच्या (फॅरनहाइटमध्ये ३२) आसपासची घ्या, कारण जुलैतही पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो. आणि बॅगेइतकाच खालचा पॅड महत्त्वाचा आहे. थंडी जमिनीतून येते, वरून कितीही पांघरलं तरी पाठ गार पडते. सासूबाईंसाठी आम्ही दोन पॅड एकावर एक घातले आणि वर घरची गोधडी, तेव्हा त्यांना झोप लागली.

बाकीचं घरचं चालतं. दहा बाय बाराची एक ताडपत्री आणि पन्नास फूट दोरी अवश्य न्या, पावसात स्वयंपाक तिच्याखालीच होतो. प्रत्येकाला वेगळा हेडलॅम्प आणि जास्तीचे सेल. मेखा ठोकायला हातोडी, कारण इथे वीतभर मातीखाली खडक लागतो. काड्यापेटी दोन ठिकाणी, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत. प्रथमोपचाराची पेटी, त्यात बारीक टोकाचा चिमटा. गाडीत हवा भरलेला जादा टायर आणि जॅक आहे ना ते पाहा. नुसता पंक्चर दुरुस्तीचा डबा तिथे पुरत नाही. आणि संडासचा कागद घरून, कारण तिथला संपलेला असू शकतो.

सुती कपडे कमी ठेवा. भिजलेली जीन्स तिथे दोन दिवस वाळत नाही.

## ५. डांबर संपण्याआधीची कामं

टॉफ्टी किंवा लुट्सन सोडलं की फोन खिशात नुसता घड्याळ म्हणून राहतो. त्यामुळे पुढची कामं हायवेवरच उरका.

पेट्रोलची टाकी भरा. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, शिवाय कागदी नकाशा घ्या. वनखात्याच्या कार्यालयाबाहेर आगीच्या धोक्याची पाटी असते, ती वाचा. उघड्यावर आग पेटवायला बंदी आहे का हे तिथेच विचारा.

आणि एक चिठ्ठी मागे ठेवा. शेजाऱ्यांकडे, मैत्रिणीकडे, कुणाकडेही. कोणत्या तळ्यावर जाणार, ते भरलेलं असेल तर कोणत्या, गाडीचा नंबर, परतायचा दिवस, आणि त्या दिवशी रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर परगण्याच्या शेरीफला कळवायचं. आमची चिठ्ठी वरच्या गल्लीतल्या मावशींकडे असते.

खडीच्या रस्त्यावर ताशी तीस मैलांच्या वर जाऊ नका. लाकूड वाहणारे ट्रक मधोमध येतात. संध्याकाळी मूस (हरणाच्या कुळातले धिप्पाड प्राणी) रस्त्यावर उभे असतात. त्यांचे डोळे हरणांसारखे चमकून लगेच दिसत नाहीत आणि अंग गडद, त्यामुळे ते अगदी जवळ आल्यावरच कळतात. उजेडात पोचा म्हणते त्याचं हेही एक कारण.

## ६. पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

इथे घाई करू नका. मुलांना तळ्याकडे धावायचं असतं, मोठ्यांना चहा हवा असतो. तरी आधी सगळ्यांनी मिळून जागा पाहून घ्या.

आधी वर बघा. तंबूच्या जागेभोवती वाळकं, उभं झाड आहे का? फांदी तुटून अडकलेली आहे का? ४ जुलै १९९९ रोजी या पट्ट्यात सरळ रेषेत वाहणाऱ्या प्रचंड वादळाने लाखो एकरांवरची झाडं आडवी केली. तेवढं मोठं वादळ विरळा, पण एक वाळकी बाल्सम फर कोसळायला साधा जोराचा वाराही पुरतो. या भागात अळीमुळे वाळलेल्या बाल्समची संख्या भरपूर आहे. साल निघालेलं, टोकाला सुया (सुईसारखी पानं) नसलेलं झाड दिसलं की त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून तंबू लावा.

मग खाली बघा. पाणी कुठून कुठे वाहील? जमिनीवर वाळलेल्या सुया एका ओळीत साचलेल्या दिसल्या तर ती पाण्याचीच वाट असते. वापरून कडक झालेली सपाट जागा मोहात पाडते, पण ती बहुधा मधोमध खोलगट असते. बाटलीतलं पाणी थोडं ओतून पाहा. ते साचलं तर तंबू चार पावलं सरकवा. आम्ही दुसऱ्या वर्षापासून हे करतो.

तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा आत दुमडा, कडेने बाहेर डोकावू देऊ नका. बाहेर आलेल्या कडेवर पावसाचं पाणी पडतं आणि सरळ तुमच्या पाठीखाली येतं. मेख खडकामुळे आत जात नसेल तर दोरीच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधा, त्यावर आणखी एक मोठा दगड ठेवा. चांगलं धरतं.

तंबूचं दार तळ्याकडे करायचा मोह सगळ्यांना होतो. वारा कुठून येतोय ते पाहून ठरवा. पश्चिमेकडून ढग येताना दिसले तर दार पूर्वेला.

## ७. पाणी

काही ठिकाणी हापसा असतो, काही ठिकाणी नसतो. असला तरी सुरुवातीचं पाणी तांबूस येऊ शकतं, वीस-पंचवीस वेळा हापसून सोडून द्या. सासऱ्यांनी दांडा हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्या सिन्नरच्या वाड्यातला!" त्यानंतर पाणी भरायचं काम त्यांनी कुणालाच करू दिलं नाही.

हापसा नसेल तर तळ्याचं पाणी. ते कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. घाण म्हणून नाही, दलदलीतल्या पानांचा आणि सालींचा रंग उतरतो म्हणून. दिसायला स्वच्छ असलं तरी तसंच पिऊ नका. बीव्हरसारख्या प्राण्यांच्या विष्ठेतून जिआर्डिया नावाचा परजीवी पाण्यात येतो, आणि त्याचे जुलाब घरी परतल्यावर आठवड्या-दीड आठवड्याने सुरू होतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळा, किंवा चांगला फिल्टर वापरा. चौघांना पिण्या-रांधायला दिवसाला बारा-पंधरा लिटर लागतात. पहिल्या दिवसाचं पाणी घरूनच न्या, म्हणजे पोचल्यावर ही धावपळ नको.

## ८. स्वयंपाक, आणि अस्वल

या विषयावर मला सगळ्यांत जास्त प्रश्न येतात. फोडणीच्या वासाने अस्वल येतं का? आपला मसाला त्यांना आवडतो का?

इथे काळी अस्वलं आहेत. ग्रिझली ही मोठी तपकिरी अस्वलं मिनेसोटात नाहीत. काळं अस्वल भित्रं असतं, पण त्याचं नाक विलक्षण तिखट असतं आणि जिथे एकदा खायला मिळालं ती जागा ते विसरत नाही. वास जाणारच, मग तो गोडा मसाल्याचा असो की पॅनकेकचा. तो थांबवता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की वासाचा माग काढत आलेल्या अस्वलाला तिथे खायला काहीही मिळू नये. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे वस्तीत शिरायला लागतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. आपण टेबलावर विसरलेला लाडवांचा डबा त्याच्या जिवावर उठू शकतो.

म्हणून नियम साधे ठेवा आणि मुलांकडूनही पाठ करून घ्या.

तंबूत खाण्याचा एक कणही नाही. चिवडा नाही, चॉकलेट नाही, बाळाची बिस्किटं नाहीत. पण एवढ्यावर भागत नाही. ज्याला ज्याला वास आहे ते सगळं अन्नच धरा: टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, लिप बाम, खोकल्याच्या गोळ्या, उदबत्ती, कचऱ्याची पिशवी, घासायची भांडी. आमच्या मुलीने एकदा उशीच्या खोळीत शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा ठेवला होता. अस्वल आलं नाही, पण लाल खारीने भरदिवसा तंबूच्या जाळीला रुपयाएवढं भोक पाडून तो नेला. त्या भोकातून रात्रभर डास येत राहिले.

जेवण झालं, आवरलं की सगळं गाडीत. काचा पूर्ण बंद, दारं कुलूपबंद. अन्न गार ठेवायचा साधा कूलर हा अस्वलासाठी जेवणाचा डबाच आहे, तो बाहेर ठेवू नका. कनूने दुसऱ्या काठाला मुक्कामी जाणार असाल तर अन्नाची पिशवी दोरीने झाडावर टांगा, जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट लांब, किंवा अस्वलाला न उघडणारा प्रमाणित डबा वापरा. झाडावर पिशवी टांगणं वाटतं तितकं सोपं नाही, घराच्या अंगणात एकदा करून पाहा.

अस्वल समोर आलंच तर पळू नका, झाडावर चढू नका. सगळ्यांनी एकत्र उभं राहून हात वर करा, ओरडा, पातेली बडवा, आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा.

आता काय रांधायचं. दोन शेगड्यांचा कॅम्प स्टोव्ह आणि एक पौंडाची प्रोपेनची दोन-तीन सिलिंडरं चौघांना तीन दिवस पुरतात. तीन लिटरचा छोटा कुकर अवश्य न्या, इंधन निम्म्याने वाचतं. फक्त सकाळी लवकर शिट्ट्या काढू नका, रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि तळ्यावरून आवाज मैलभर जातो. पहिल्या दोन दिवसांच्या पोळ्या किंवा दशम्या घरून. नंतर मुगाची खिचडी, पिठलं-भात, मेतकूट-भात आणि तूप. डाळ-तांदूळ आणि मसाला एका-एका जेवणाच्या मापाने पुड्यांत बांधून न्या, तिथे मोजामोजी नको. थालीपिठाची भाजणी ही या कामासाठी सोन्यासारखी गोष्ट आहे. पाणी घालून मळा, तव्यावर थापा, झालं. सासू-सासरे आले होते तेव्हा एका संध्याकाळी वारा सुटला होता, ज्योत सारखी आडवी होत होती. सासूबाईंनी गाडीचं दार उघडून त्याचा आडोसा केला, स्टोव्ह त्याच्यामागे ठेवला आणि बारा थालीपिठं लावली. तेव्हापासून आम्ही स्टोव्ह गाडीच्या आडोशालाच लावतो.

भांडी तळ्यात घासायची नाहीत. 'निसर्गस्नेही' लिहिलेला साबणसुद्धा तळ्यात नाही. पाणी बादलीत घेऊन काठापासून दोनशे फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं आत या. खरकटं पाणी चहाच्या गाळण्यातून गाळा, गाळण्यात राहिलेले भाताचे कण कचऱ्याच्या पिशवीत टाका आणि पाणी फेकून पसरवा. खरकटं पुरायचं नाही, अस्वल ते उकरून काढतं. अशा ठिकाणी कचरापेटी नसते. सगळा कचरा आपल्याबरोबर परत. संडासच्या खड्ड्यातही कागदाशिवाय काही टाकू नका, डायपर तर मुळीच नको.

## ९. विस्तव

घरून लाकडं आणू नका. २००९ मध्ये सेंट पॉलमध्ये एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा चकचकीत किडा सापडला. त्याच्या अळ्या ॲशच्या झाडांची साल आतून पोखरतात आणि लोकांनी नेलेल्या जळणातून नव्या जागी पोचतात. टॉफ्टीत स्थानिक जळणाचे भारे विकत मिळतात. नाहीतर जंगलात आपोआप पडलेलं, वाळलेलं, मनगटाएवढ्या जाडीचं लाकूड गोळा करा. रस्त्यालगत आणि कॅम्पग्राउंडपासून जरा लांब ते भरपूर मिळतं.

बर्चची साल ओली असली तरी पेटते. आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो ते याच कुळातल्या झाडाचं. पण उभ्या झाडाची साल सोलू नका, तिथे कायमचा काळा पट्टा राहतो. पडलेल्या ओंडक्याची घ्या.

आग लोखंडी कड्यातच, आणि गुडघ्याएवढीच. ऑगस्ट २०२१ मध्ये इथून नैऋत्येला ग्रीनवुड लेकजवळ लागलेली आग २६,००० एकरांवर पसरली. त्या दिवसांत शेजारचा संरक्षित वनपट्टा लोकांसाठी पूर्ण बंद करावा लागला होता. बंदी असेल तर बंदी, गॅसवर चहा करा. आणि आग विझवायची म्हणजे पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि शेवटी हाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही.

## १०. डास, काळ्या माश्या, गोचीड

फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. पॅन्ट मोज्यांत खोचा. डोक्यावरून घ्यायची जाळी पाच-सात डॉलरला मिळते, प्रत्येकाला एक घ्या. अंगाला वीस ते तीस टक्के डीट असलेलं औषध, पण ते चष्म्याच्या फ्रेमला आणि घड्याळाच्या प्लास्टिकला लागू देऊ नका, विरघळतं. कपड्यांना आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा. घरात मांजर असेल तर ते वाळेपर्यंत तिला लांब ठेवा.

रोज रात्री एकमेकांचं अंग तपासा: कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, केसांत. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडी, रॉकेल यातलं काही नको. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्याभरात ताप आला किंवा गोल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा, लाइम हा आजार वेळेवर औषध मिळालं की बरा होतो.

## ११. तळ्यात

कनू टॉफ्टी, ग्रँड मरे किंवा सॉबिल लेकवर भाड्याने मिळते. होडीत माणशी एक लाइफ जॅकेट ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलंच हवं. मी तर म्हणेन सगळ्यांनीच घाला. पोहता येणारा माणूसही गार पाण्यात पडला की पहिली काही मिनिटं त्याचा श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही. काठाकाठाने वल्हवा. सकाळी तळं आरशासारखं असतं, दुपारी वारा उठतो, तेव्हा परत या.

बेकर लेकवरून पुढे गेलात की बाउंडरी वॉटर्स हा संरक्षित वनपट्टा सुरू होतो. तिथे शिरताना परवाना लागतो. एका दिवसासाठी वल्हवत जाणार असाल तर तो फुकट असतो आणि पाण्याजवळच्या पेटीतला फॉर्म आपणच भरायचा. रात्री राहणार असाल तर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात संख्या ठरलेली असते, तो आधीच काढावा लागतो. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, म्हणून लोणच्याची बरणी गाडीतच ठेवा.

एका तळ्यातून दुसऱ्यात जायच्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी रॉडमध्ये लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण कनूएवढी लांबी. नकाशावर १०० दिसलं की कनू डोक्यावर घेऊन पाव मैलाहून जास्त चालायचं आहे असं समजा.

मासेमारीचं एक सांगायचं राहिलं. उरलेली गांडुळं जंगलात सोडू नका. आपण शाळेपासून शिकलोय की गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र. इथे उलटं आहे. हिमयुगानंतर या जंगलात गांडुळं नव्हतीच, ती माणसांनी आणली. जमिनीवरचा कुजलेल्या पानांचा जो मऊ थर आहे, ज्यात इथली रोपटी रुजतात, तो गांडुळं काही वर्षांत खाऊन संपवतात. उरलेली गांडुळं डब्यातून परत आणा आणि घरच्या कचऱ्यात टाका. गळाला शिशाची वजनंही वापरू नका. तळातले खडे समजून लून पक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात.

## १२. रात्र

हा लून मिनेसोटाचा राज्यपक्षी. पहिल्या रात्री त्याची हाक ऐकून नवखी माणसं दचकून उठतात, कारण ती लांबवर कुणी हेल काढून रडावं तशी येते. एक हाक देतो, पलीकडच्या तळ्यावरून दुसरा उत्तर देतो. मुलांना झोपण्याआधीच सांगून ठेवा. याच मुलखातले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला 'मांग' म्हणतात.

काठावर बसणार असाल तर हेडलॅम्प बंद करा आणि वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आकाशगंगेचा पट्टा पाण्यात दिसतो. उत्तरेच्या क्षितिजावर फिका हिरवट धूर हलताना दिसला तर तो ढग नसेल, ध्रुवीय प्रकाश असेल, सगळ्यांना उठवा.

## १३. निघताना

तंबू उन्हात वाळवून घडी घाला. ओला बांधावाच लागला तर घरी पोचल्या दिवशी गॅरेजमध्ये पसरा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. कनूच्या तळाला चिकटलेलं शेवाळ हाताने काढा, आतलं पाणी काठावरच ओतून टाका. एका तळ्यातलं काही दुसऱ्यात नेणं मिनेसोटात कायद्याने गुन्हा आहे. मग मुलांना रांगेत उभं करून पूर्ण जागेवरून एक फेरी मारा. दोरीचे तुकडे, टॉफीचे कागद, एखादी मेख सापडतेच. उरलेली वाळकी लाकडं कड्याशेजारी रचून ठेवा, पुढच्या कुटुंबाला पावसात उपयोगी पडतात.

टॉफ्टीच्या उतारावर तळ्याएवढं नव्हे, समुद्राएवढं लेक सुपीरियर समोर येतं आणि फोन खिशात थरथरायला लागतो. बाकीचे निरोप नंतर बघा. आधी ज्यांच्याकडे चिठ्ठी ठेवली आहे त्यांना फोन करा. आमच्या मावशी पहिल्याच रिंगला उचलतात.